अमेरिकेतील पाहुणा खेळ

१९९४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जागतिक फुटबॉल स्पर्धा भरली. ५२ सामन्यांना मिळून ३५,८७,५३८ प्रेक्षक आले. तोपर्यंतच्या कोणत्याही जागतिक स्पर्धेला इतका प्रेक्षकवर्ग लाभला नव्हता. आणि १९९८ पासून सामन्यांची संख्या ६४ झाली, तरीही २०२२ पर्यंतच्या एकाही स्पर्धेला हा आकडा ओलांडता आला नाही. असे असूनही, ज्या देशाने हे विक्रमी यजमानपद भूषविले त्या देशात त्या वेळी या खेळाची पहिल्या दर्जाची एकही व्यावसायिक साखळी स्पर्धा अस्तित्वात नव्हती. ती १९९६ साली, अवघ्या दहा संघांनिशी, सुरू झाली. जगातील बहुतेक देशांत जो खेळ गल्लीबोळांतून आपोआप उगवतो, त्याची अमेरिकेत एखाद्या परदेशी रोपाप्रमाणे पुन्हा पुन्हा लागवड करावी लागली. असे का व्हावे?

त्या देशात ‘फुटबॉल’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून एकमेकांवर आदळणारे धिप्पाड खेळाडू. उरलेले जग ज्याला फुटबॉल म्हणते, त्याला अमेरिकन माणूस सॉकर म्हणतो. हा शब्द अमेरिकन अडाणीपणाचा नमुना म्हणून पुष्कळदा हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तो इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनीच ‘असोसिएशन फुटबॉल’ या लांबलचक नावाची मोडतोड करून घडवला आहे. दोन फुटबॉलांतला भेद दाखवण्यासाठी अमेरिकेने तो जपून ठेवला, इतकेच. तेव्हा खरा प्रश्न नावाचा नसून, मूळ नाव दुसऱ्या खेळाच्या वाट्याला कसे गेले, हा आहे.

या प्रश्नाला सामान्यतः जी उत्तरे दिली जातात, ती अमेरिकन माणसाच्या स्वभावातून काढलेली असतात. अमेरिकनाला भरपूर गुण हवेत. दीड तास खेळून एक गोल किंवा बिनगोल बरोबरी त्याला मानवत नाही. त्याला वेग हवा. त्याच्या दूरचित्रवाणीला जाहिरातींसाठी विश्रांती हवी, आणि सॉकर तर पाऊण पाऊण तास अखंड चालतो. ही उत्तरे ऐकायला पटतात. परंतु तपासू गेले तर टिकत नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू अंतिम रेषेपार नेला की सहा गुण मिळतात आणि त्यापुढील छोट्या प्रयत्नाचा बहुधा आणखी एक. म्हणजे २१ विरुद्ध १४ असा भरघोस दिसणारा निकाल मूळ हिशेबाने ३ विरुद्ध २ एवढाच असू शकतो. वेगाचे म्हणावे, तर ज्या बेसबॉलवर अमेरिकेने पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केले, त्यात खेळापेक्षा वाट पाहणेच अधिक. आणि दूरचित्रवाणीचे म्हणावे, तर ती घराघरांत आली १९५० च्या सुमारास. सॉकरचे भवितव्य त्याच्या सत्तर वर्षे आधीच ठरून गेले होते. स्वभावावरून इतिहास सांगणे सोपे असते. येथे मात्र उलट घडले आहे. इतिहासाने आधी खेळ निवडला आणि मग लोकांचा स्वभाव त्या खेळाच्या साच्यात ओतला गेला.

तो इतिहास १८६३ पासून सुरू होतो. त्या वर्षी लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि चेंडू हातात घेऊन पळणे व प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी नियमबाह्य ठरल्या. ज्यांना हे रुचले नाही ते बाहेर पडले. १८७१ साली रग्बीची स्वतंत्र संघटना निघाली. यानंतरच्या चाळीस वर्षांत असोसिएशनचा खेळ जगभर गेला तो ब्रिटिश व्यापाराच्या वाटांनी. जहाजांवरचे खलाशी, आगगाड्यांचे अभियंते, गिरण्यांतले कारागीर, शाळांतले मास्तर आणि छावण्यांतले शिपाई हे त्याचे प्रचारक होते. ब्वेनोस आयरेसमध्ये तो अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाने रुजवला. साओ पावलोत तो १८९४ साली रेल्वेतील एका स्कॉटिश नोकराचा मुलगा चार्ल्स मिलर याच्या सामानातून आला. भारतात तो गोऱ्या पलटणींबरोबर उतरला; आणि १९११ साली कोलकात्यात मोहन बागानच्या, बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या, संघाने ईस्ट यॉर्कशर पलटणीचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा साहेबाला त्याच्याच खेळात हरवता येते हे साऱ्या देशाने पाहिले.

येथेच अमेरिकेची वाट निराळी होते. परकीय सत्तेखालच्या समाजाला साहेबाचा खेळ शिकून त्याला हरवण्यात आपले स्वत्व सापडले. अमेरिकेने तर साहेबाला १७७६ सालीच रजा दिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या राष्ट्राला इंग्लंडला त्याच्या खेळात हरवण्यापेक्षा स्वतःचा खेळ असण्याची हौस अधिक होती. एके काळी तेथे क्रिकेटही चांगले रुजले होते. अमेरिका व कॅनडा यांच्यात १८४४ साली न्यूयॉर्क येथे झालेला सामना हा जगातील पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना मानला जातो. परंतु १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात छावण्याछावण्यांतून बेसबॉल पसरला, १८७६ साली त्याची राष्ट्रीय साखळी उभी राहिली आणि क्रिकेट मूठभर श्रीमंत क्लबांपुरते उरले. पुढे हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या पत्रकाराने बेसबॉलचे मूळ ‘राउंडर्स’ या इंग्रजी पोरखेळात आहे असे म्हटले, तेव्हा खेळसाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंग यांना ते सहन झाले नाही. त्यांच्या पुढाकाराने चौकशी समिती नेमली गेली. आणि १८३९ साली कूपर्सटाउन या गावी ॲब्नर डबलडे या गृहस्थाने हा खेळ शोधून काढला, असा निर्णय तिने १९०७ च्या अखेरीस दिला. हे डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. कथा खोटी होती. परंतु तिच्यामागची भूक खरी होती. राष्ट्राला स्वदेशी कुलवृत्तान्त असलेला खेळ हवा होता.

बेसबॉलने उन्हाळा व्यापला. शरद ऋतूचे मैदान मात्र अजून मोकळे होते, आणि ते सॉकरच्या हाती जवळजवळ आलेही होते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी संस्थानात रट्‌गर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांत एक सामना झाला. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि रट्‌गर्सने तो ६–४ असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून आज त्याचा गौरव होतो. गंमत अशी की, त्याचे नियम लंडनच्या असोसिएशनच्या धर्तीचे होते. चेंडू उचलून पळण्यास मुभा नव्हती. थोडक्यात, अमेरिकन फुटबॉल ज्या दिवसाला आपला जन्मदिवस मानतो, त्या दिवशी मैदानावर खेळला गेला तो सॉकरचाच सख्खा भाऊ. १८७३ च्या ऑक्टोबरात येल, प्रिन्स्टन, रट्‌गर्स व कोलंबिया यांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी याच धर्तीचे सामाईक नियम ठरवले.

या बैठकीचे निमंत्रण हार्वर्डने नाकारले. तेथील विद्यार्थी ‘बॉस्टन खेळ’ नावाचा एक स्थानिक प्रकार खेळत. त्यात प्रसंगी चेंडू उचलून पळता येई, आणि हा आनंद सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. शेजारी प्रतिस्पर्धी उरला नाही, तेव्हा हार्वर्डने कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाला बोलावले. मे १८७४ मध्ये केंब्रिज गावी लागोपाठ दोन दिवस सामने झाले. एक हार्वर्डच्या नियमांनी, दुसरा मॅक्‌गिलच्या रग्बीने. रग्बी हार्वर्डच्या मनात भरली. १८७५ साली येलने हार्वर्डशी खेळता यावे म्हणून नियमांत तडजोड केली, आणि १८७६ च्या नोव्हेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जमलेल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया यांच्या प्रतिनिधींनी रग्बीच्या धर्तीचे नियम उचलून धरले. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्प या तरुणाने या रग्बीचेही रूप पालटले. १८८० साली त्याच्या सूचनेवरून संघ अकरा जणांचा झाला व चेंडूचा ताबा एका वेळी एकाच पक्षाकडे राहील अशी मांडणी आली. १८८२ साली तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याची अट आली. इंग्लंडमध्ये ज्याला प्रतिरूप नाही असा एक अमेरिकन खेळ तयार झाला.

हार्वर्डच्या चार पोरांचा हट्ट एवढा महत्त्वाचा का ठरावा? कारण त्या काळी पूर्व किनाऱ्यावरची ही विद्यापीठे म्हणजे साऱ्या देशाचा आरसा होता. तेथे जे खेळले जाई ते इतर महाविद्यालये उचलत. त्यांचे पदवीधर पश्चिमेकडे शिक्षक, वकील, संपादक म्हणून जात ते हा खेळ बरोबर घेऊन. वृत्तपत्रे त्यांचे सामने वर्णन करीत. हार्वर्डने १९०३ साली क्रीडागार बांधले, तर येलने १९१४ साली सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असे. ब्रिटनमध्ये असोसिएशन फुटबॉल जेव्हा गिरणीकामगारांच्या शनिवारच्या सुटीतला खेळ बनत होता, तेव्हा अमेरिकेत शरद ऋतूचा खेळ विद्यापीठाच्या झेंड्याखाली वाढत होता. पुढे १८९१ च्या डिसेंबरात त्याच स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंद दालनात खेळण्यासाठी बास्केटबॉल निर्माण केला. उन्हाळा बेसबॉलचा, शरद फुटबॉलचा, हिवाळा बास्केटबॉलचा. वर्षाच्या पंचांगात नव्या पाहुण्यासाठी तिथीच उरली नाही.

तरीही एकदा दार किलकिले झाले. अमेरिकन फुटबॉल फार रक्तपाती बनला होता. शिकागोच्या एका वृत्तपत्राने १९०५ च्या एकाच हंगामात १८ मृत्यूंची नोंद केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली. कोलंबियाने हा खेळ बंद केला. पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही विद्यापीठे रग्बीकडे वळली. याच वर्षी इंग्लंडचा ‘पिलग्रिम्स’ हा हौशी संघ अमेरिकेचा दौरा करून सॉकर कसा खेळतात ते दाखवीत होता. पण १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास परवानगी देऊन फुटबॉलचे नियम सुधारले गेले आणि नियंत्रणासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. फुटबॉल वाचला, आणि किलकिले झालेले दार पुन्हा लागले.

सॉकर अमेरिकेत नव्हताच असे मात्र नव्हे. तो होता, फक्त तो गिरण्यांच्या गावी होता. न्यू जर्सीतील कर्नी येथे स्कॉटलंडच्या क्लार्क कंपनीचा सुताचा कारखाना होता. तेथील स्कॉटिश कामगारांच्या संघाने १८८५ साली पहिला अमेरिकन चषक जिंकला. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर येथे लँकशरहून आलेले विणकर खेळत. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमच्या पोलाद कारखान्याच्या संघाने राष्ट्रीय चषक पाच वेळा पटकावला. १९२१ साली निघालेल्या अमेरिकन सॉकर लीगने तर स्कॉटलंडमधील चांगले खेळाडू पगार देऊन पळवले. १ मे १९२६ रोजी व्हिएन्नाच्या ‘हाकोआ’ या ज्यू संघाचा सामना पाहायला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ४६,००० लोक लोटले होते. एवढी वाढ झालेले झाड वठले ते काही अंशी घरच्याच कुऱ्हाडीने. राष्ट्रीय चषक स्पर्धेवर बहिष्कार घालावा की नाही, यावरून १९२८ साली लीग व राष्ट्रीय संघटना यांच्यात वैर पेटले. समेट झाला तो १९२९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ज्या महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला त्याच महिन्यात. कारखान्यांच्या पैशावर उभे असलेले संघ मंदीत टिकले नाहीत. बेथलेहेमचा संघ १९३० साली मोडला, लीग १९३३ साली.

परंतु भांडण आणि मंदी यांहूनही खोल असे एक कारण होते. सॉकर हा आलेल्या माणसांचा खेळ होता, राहिलेल्या माणसांचा झाला नाही. संघांची नावेच पाहावीत: कर्नी स्कॉट्स, ब्रुकलिन हिस्पॅनो, फिलाडेल्फिया जर्मन-अमेरिकन, युक्रेनियन नॅशनल्स. दिवसभर परक्या भाषेत राबणाऱ्या माणसाला रविवारी त्या मैदानावर आपली बोली ऐकू येई, आपल्या गावच्या वार्ता कळत. ज्या गोष्टीमुळे बापाला हा खेळ प्रिय होता, त्याच गोष्टीमुळे मुलाला तो नकोसा होई. शाळेच्या अंगणात त्याला ‘परदेशी’ म्हणवून घ्यायचे नव्हते. अमेरिकन होण्याचा सर्वांत जवळचा मार्ग बेसबॉलच्या मैदानातून जात होता. १९२४ च्या कायद्याने युरोपातून येणाऱ्यांची संख्या देशवार बांधून टाकली, तेव्हा बापांचाही नवा ओघ आटला. एखादी भाषा तिसऱ्या पिढीत जशी घरातून निघून जाते, तसा हा खेळ घराघरांतून निघून गेला.

या उपेक्षेचे चित्र १९५० साली ब्राझीलमधील बेलो ओरिझोंते येथे दिसले. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस भारतीय संघही पात्र ठरला होता. पण तो गेला नाही. अमेरिकेचा गेला. त्यात कुणी शाळामास्तर होता, कुणी टपाल वाटणारा, कुणी चुलत्याच्या व्यवसायात शववाहिका हाकणारा. आणि जो गेत्येन्स हा हैतीचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात भांडी धूत असे. २९ जून रोजी या संघाने इंग्लंडचा १–० असा पराभव केला. गोल गेत्येन्सने केला. ब्राझिलियन प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले. पण हे पाहायला अमेरिकेचा केवळ एक पत्रकार हजर होता. सेंट लुईसचे डेंट मॅक्‌स्किमिंग, तेही रजा काढून, स्वखर्चाने आलेले. मोहन बागानच्या विजयाने कोलकात्याचे रस्ते दुमदुमले होते; अमेरिकेच्या या विजयाने एकही रस्ता जागा झाला नाही. ज्या देशाला इंग्लंडला हरवण्याची गरजच उरली नव्हती, त्याला हा विजय साजरा करण्याचे कारण सापडले नाही.

यानंतर धनिकांनी हा खेळ विकत घेऊन रुजवण्याचा प्रयत्न केला. १९६८ साली निघालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने १९७५ साली साक्षात पेले यांना आणले, पुढे बेकेनबाउर यांना. १४ ऑगस्ट १९७७ रोजी एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक आले. बरोबरी लोकांना आवडत नाही म्हणून ती मोडण्याची खास रीत काढली गेली. ऑफसाइडची रेषाही बदलली. पण लोक आले ते पेले यांना पाहायला. आणि पेले गेल्यावर उरला तो खेळ, ज्याच्याशी त्यांच्या बालपणाचा संबंध नव्हता. १९८४ च्या हंगामानंतर ही लीग बंद पडली. खेळाचे प्रेम हे आधी अंगणात आणि शाळेत जमते, तिकीटबारीवर नव्हे.

आणि नेमक्या शाळेच्याच वाटेने अखेर तो परतला. १९७२ साली अमेरिकेत असा कायदा झाला की, संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री म्हणून कोणास वगळू नये. कायद्यात कोणत्याही खेळाचे नाव नव्हते. पण विद्यापीठांना मुलींचे संघ काढणे भाग पडले, आणि सॉकर त्यांना सोयीचा वाटला. साहित्य थोडे, खेळाडू पुष्कळ. मुलग्यांच्या पंचांगात तिथी शिल्लक नव्हती; मुलींचे पंचांगच कोरे होते. तेथे हा खेळ कुणाला न हटवता बसला. १९९१ साली चीनमध्ये झालेली स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेने जिंकली. नंतर १९९९, २०१५ आणि २०१९ सालीही. १९९९ चा अंतिम सामना कॅलिफोर्नियातील रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षकांनी पाहिला. ज्या राष्ट्राच्या ‘स्वभावाला’ हा खेळ मानवत नाही असे शतकभर सांगितले गेले, त्याच राष्ट्राच्या मुलींनी त्यात जगाला मागे टाकले.

पुरुषांच्या बाबतीतही परिस्थिती पालटली आहे. १९९६ साली दहा संघांनिशी सुरू झालेल्या लीगमध्ये २०२५ साली तीस संघ होते. २०२३ साली लिओनेल मेस्सी मायामीत खेळायला आले. २०२६ च्या जागतिक स्पर्धेचे यजमानपद २०१८ सालीच अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांना मिळून देण्यात आले. तरीही फुटबॉल, बेसबॉल आणि बास्केटबॉल यांनी शतकापूर्वी धरलेल्या जागा सॉकरला मिळालेल्या नाहीत, आणि त्यात नवल नाही. अमेरिका यात एकटीही नाही. मेलबर्नने १८५९ सालीच आपल्या फुटबॉलचे नियम लिहिले. आयर्लंडने १८८४ साली देशी खेळांची संघटना काढली आणि तिच्या सभासदांना ‘परकीय’ खेळांची बंदी १९७१ पर्यंत पाळावी लागली. जेथे जेथे ती जागा सॉकर येण्यापूर्वी किंवा येताच भरली गेली, तेथे तेथे तो दारातच थांबला.

राष्ट्राची आवड ही रक्तातून येत नाही. ती एखाद्या बैठकीतील नकारातून येते, कारखान्याच्या बंद पडलेल्या दरवाजातून येते, बापाची भाषा लपवणाऱ्या मुलाच्या लाजेतून येते; आणि नंतरच्या पिढ्या तिलाच आपला स्वभाव समजून चालतात. १८७३ साली एका विद्यापीठाच्या हट्टाने सॉकर अमेरिकेतून बाहेर राहिला आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या कारणासाठी केलेल्या एका कायद्याने विद्यापीठांचेच दार त्याला उघडले. म्हणून एखाद्या समाजाविषयी ‘त्यांना हे कधी आवडणारच नाही’ असे म्हणण्यापूर्वी, त्यांना ते कधी व कोणी आपले म्हणून देऊ केले होते, एवढे विचारून पाहणे बरे.